घोड्यावरून पडून गंभीर दुखापत झालेल्या स्वाराची सोबत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची एक मैत्रीण मुंबईतील महालक्ष्मी रेसकोर्सच्या मैदानावर अनेक वर्षे घोडेस्वारी करत आली आहे. अडथळ्यावरून उडी घेण्याच्या क्षणी घोडा थबकल्याने ती पुढे फेकली गेली आणि तिच्या कमरेचा पहिला मणका व पेल्विसचे (कमरेखालच्या कटिभागाचे) हाड मोडले. आज ती चालते, नोकरी करते आणि बेताची स्वारीही करते. तिच्या दुखण्याच्या काळात आम्ही मित्रमंडळींनी कामे वाटून घेतली होती, हे कळल्यापासून इतर स्वारांचे नातेवाईक आणि मित्र आम्हाला प्रश्न विचारत असतात. त्यांची उत्तरे तिच्या संमतीने येथे एकत्र दिली आहेत; त्यांत ‘ती’ म्हणजे जखमी झालेली स्वार. उपचारांविषयीचा निर्णय मात्र प्रत्येकाच्या डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.

घोड्यावरून पडल्यावर इतकी गंभीर दुखापत का होते?

घोड्यावर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून साधारण आठ फुटांवर असते, घोड्याचे वजन साडेचारशे-पाचशे किलो असते आणि पडण्याच्या क्षणी बहुतेक वेळा दोघेही वेगात असतात. केवळ खाली पडणे हा त्यातला सौम्य प्रकार होय. पाय रिकिबीत अडकून फरफटले जाणे किंवा घोडा स्वतःच कोसळून अंगावर येणे हे त्याहून घातक असते, आणि पेल्विस मोडण्याचे प्रसंग बऱ्याचदा या दुसऱ्या प्रकारात घडतात. बसल्या स्थितीत आदळल्यास पाठीच्या कण्याच्या एका ठरावीक जागी भार एकवटतो. छातीचे मणके बरगड्यांमुळे ताठ असतात आणि कमरेचे मणके लवचीक असतात. या दोन भागांच्या सांध्यावर, म्हणजे छातीचा बारावा आणि कमरेचा पहिला मणका येथे, हाड दबून चेपते किंवा फुटते. डोक्यावर पडल्यास मानेचे मणके सापडतात. अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ साली व्हर्जिनियातील एका स्पर्धेत असेच पडले आणि मानेखालील शरीर कायमचे निकामी झाले. ते अनुभवी स्वार होते आणि त्यांनी हेल्मेटही घातले होते. हेल्मेट कवटीचे रक्षण करते, मानेचे करत नाही, एवढी जाणीव प्रत्येक स्वाराच्या घरी असावी.

मैदानावर उपस्थित असलेल्यांनी पहिल्या काही मिनिटांत काय करावे?

पडलेल्या माणसाला उठवून बसवू नये. ‘बघू, उभी राहा जरा’ हे शब्द तबेल्यात फार सहज तोंडून निघतात आणि तेच सर्वांत धोकादायक ठरू शकतात. एकाने मोकळा सुटलेला घोडा धरावा, कारण तो परत त्याच जागी येऊ शकतो. दुसऱ्याने १०८ वर फोन करून कोणत्या फाटकातून आत यायचे ते नेमके सांगावे आणि त्या फाटकाशी कोणाला तरी उभे करावे. तिसऱ्याने जखमीच्या डोक्याशी गुडघे टेकून, तिची मान हलू न देता, तिच्याशी बोलत राहावे. श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट काढू नये. पाणी किंवा चहा देऊ नये, कारण लगेच शस्त्रक्रिया करावी लागू शकते.

रुग्णालयात सोबत जाणाऱ्याने पडणे प्रत्यक्ष पाहिलेले असावे. किती उंचीवरून पडली, आधी काय आपटले, घोडा अंगावर आला का, क्षणभर तरी शुद्ध हरपली होती का, हातापायांना मुंग्या येत असल्याचे तिने सांगितले का, या पाच गोष्टी डॉक्टरांना उपयोगी पडतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवणही त्यानेच करून द्यावी. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात आणि मैदानावरच्या मातीत लीद मिसळलेलीच असते. मोठ्या अस्थिभंगाच्या धावपळीत कोपरावरचे साधे खरचटणे कोणाच्या लक्षात येत नाही.

रुग्णालयात भेटायला केव्हा यावे?

बोलावल्यावर यावे. पहिल्या आठवड्यात माणसांची गर्दी असते आणि रुग्णाला झोपेची गरज असते. प्रकृतीची बातमी देण्यासाठी एकच व्यक्ती नेमावी, तिने दिवसातून एकदा व्हॉट्सॲपवर चार ओळी टाकाव्यात, आणि आईवडिलांना कोणीही थेट फोन करू नये. एक्स-रेचे फोटो गटावर फिरवणे पूर्णपणे टाळावे. ते तिचे खासगी कागद आहेत.

मित्रांनी नेमकी कोणती मदत करावी?

आम्हाला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. ‘काही लागले तर सांग’ या वाक्याचा उपयोग होत नाही, कारण त्यात मागण्याचे काम रुग्णाच्या गळ्यात पडते, आणि कालपर्यंत पाचशे किलोंचे जनावर हाताळणाऱ्या माणसाला ‘मला शौचालयापर्यंत न्या’ असे म्हणणे जड जाते. त्याऐवजी काम, वार आणि वेळ ठरवून सांगावे : मंगळवारी संध्याकाळी फिजिओथेरपीला मी नेईन, शनिवारी रात्री मी राहीन, काकूंनी त्या दिवशी घरी जाऊन झोपावे. नाही म्हणण्याचा हक्क तिला असतोच, पण मागण्याचे ओझे राहत नाही.

मुंबईत अंतराचा विचार केल्याशिवाय वाटणी टिकत नाही. बोरिवली किंवा डोंबिवलीला राहणाऱ्या मित्राने रोज दक्षिण मुंबईत यायचे ठरवले, तर त्याचा उत्साह पंधरवड्यात लोकलच्या गर्दीत विरून जातो, आणि मग न येण्याची खंत वाटून तो फोन करणेही बंद करतो. लांबच्यांनी घरबसल्या होणारी कामे घ्यावीत. विम्याचे अर्ज, रुग्णालयाच्या बिलांची तारीखवार फाईल, भाड्याने मिळणारी खाट आणि व्हीलचेअर शोधणे, कार्यालयाशी रजेचा पत्रव्यवहार, ही सारी कामे विरारमध्ये बसूनही उत्तम होतात. वरळी, परळ, दादर भागात राहणाऱ्यांनी प्रत्यक्ष हजेरीची कामे घ्यावीत. डबा पाठवायचा असेल तर तो रुग्णापेक्षा तिच्या आईवडिलांसाठी पाठवावा. रुग्णाला रुग्णालयातून जेवण मिळते, आणि बाकड्यावर बसलेल्या माणसांच्या जेवणाकडे कोणाचेच लक्ष नसते.

खरी परीक्षा पुढे असते. अपघातानंतरच्या पहिल्या दिवसांत दहा जण रात्री थांबायला तयार असतात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, वेदना कमी झालेल्या असतात पण चालता येत नसते, दिवस लांबलचक वाटू लागतात आणि घरातली माणसे थकलेली असतात, तेव्हा दार वाजेनासे होते. म्हणून आम्ही काही मैत्रिणींना सुरुवातीला मुद्दाम मागे ठेवले होते आणि त्यांची पाळी शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या महिन्यापासून लावली. सर्वांनी एकाच वेळी धावून जाण्याच्या आपल्या रीतीला हे विपरीत वाटते, पण त्याचा फायदा झाला.

पैसे गोळा करायचे असल्यास आधी कुटुंबाला विचारावे. हो म्हटल्यास हिशेब एकाने ठेवावा आणि तो महिन्याला कुटुंबाच्या हाती द्यावा.

घरी आणण्यापूर्वी काय तयारी करावी?

टेप घेऊन घर मोजावे. साध्या व्हीलचेअरची रुंदी साठ ते पासष्ट सेंटिमीटर असते आणि मुंबईतील जुन्या सदनिकांमधले न्हाणीघराचे दार अनेकदा त्याहून अरुंद असते. हे घरी पोचल्यावर कळून उपयोग नाही. चाके असलेली कमोडची खुर्ची काही वेळा त्या दारातून जाते, नाहीतर खोलीतच सोय करावी लागते. पलंगाची उंची इतकी असावी की कडेला बसल्यावर पाय जमिनीला टेकतील आणि गुडघे कमरेच्या वर जाणार नाहीत. जमिनीवरच्या सतरंज्या आणि पायपुसणी उचलून टाकावीत. लिफ्ट मधल्या जिन्यावर थांबत असेल, किंवा इमारतीत लिफ्टच नसेल, तर रुग्णाला खुर्चीसकट उचलणारी माणसे आधी ठरवून त्यांना उचलण्याची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून शिकवून घ्यावी. सोसायटीच्या दारातील दोन पायऱ्यांवर तात्पुरता उतार टाकण्याची परवानगी मित्रांपैकी कोणीतरी आधीच मिळवावी. सचिवांशी वाद घालण्याचे काम रुग्णाच्या वडिलांवर सोडू नये.

मुंबईच्या दमटपणात पाठीचा ब्रेस, म्हणजे कण्याला आधार देणारा ताठ पट्टा, हा वेगळाच छळ असतो. आत बिनशिवणीचा सुती बनियन घालावा, दिवसातून दोनदा बदलावा आणि ब्रेसच्या कडांखालची त्वचा रोज तपासावी. कूस बदलताना खांदे आणि कंबर एकाच वेळी वळवण्याची रीत घरातल्या निदान दोन जणांना यायला हवी.

बरे व्हायला किती दिवस लागतात?

गळ्याजवळचे आडवे हाड (कॉलरबोन) सहा ते बारा आठवड्यांत जुळते. पेल्विसच्या अस्थिभंगानंतर पायावर पूर्ण भार टाकायला बहुधा तीन महिन्यांपर्यंत थांबावे लागते. मणका फुटला पण मज्जातंतूंना धक्का लागला नाही, तर ब्रेस साधारण दोन ते तीन महिने वापरला जातो. हाड जुळणे आणि ताकद परत येणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. स्वाराची मांड ज्या स्नायूंवर अवलंबून असते, म्हणजे मांडीच्या आतले, पोटाचे आणि कण्यालगतचे खोल स्नायू, तेही अंथरुणात लवकर झिजतात आणि ते परत मिळवायला महिने लागतात. भेटायला येणाऱ्यांनी ‘माझ्या मेव्हण्याचे तर सहा आठवड्यांत’ हा विषय काढू नये.

मज्जारज्जूला इजा झाली असेल तर?

त्या दुखण्याची गती निराळी आहे. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात दिसतो, पुढेही संथपणे काही मिळत राहते, आणि पहिल्या दिवसांत कोणताही प्रामाणिक डॉक्टर अंतिम चित्र सांगत नाही. त्या काळात मित्रांचे लक्ष दोन गोष्टींवर असावे. संवेदना नसलेल्या त्वचेला दाबामुळे जखमा होतात, म्हणून अंथरुणात साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. आणि मूत्राशय रिकामे करण्याचे वेळापत्रक पाळले नाही तर संसर्ग होतो. दोन्ही कामे रात्रीही करावी लागतात, त्यामुळे घरच्यांची झोप मोडते. म्हणून रात्रीच्या पाळीला पर्याय नाही.

मुंबईत यासाठी जावे अशी जागा म्हणजे हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था. केंद्र सरकारची ही संस्था १९५५ सालापासून आहे आणि तेथे फिजिओथेरपीबरोबर व्यवसायोपचार (रोजची कामे पुन्हा करता येण्यासाठीचे उपचार), पायाला आधार देणारे कॅलिपर, कृत्रिम अवयव आणि व्हीलचेअरचे प्रशिक्षणही मिळते. महालक्ष्मीच्या रेसकोर्सपासून ती अगदी जवळ आहे. तिथल्या स्वारांपैकी बहुतेक जण त्या रस्त्याने नेहमी जातात आणि आत काय आहे ते त्यांना ठाऊक नसते.

व्यंग कायम राहणार असेल तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, काढून घ्यावे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असल्यास कायद्यातील अनेक सवलती लागू होतात. हा अर्ज कधी करायचा हे तिने ठरवावे. काहींना तो कागद मिळाल्यावर हायसे वाटते, काहींना त्यावर सही करायला वर्ष लागते.

डोक्याला मार बसला, पण स्कॅन स्वच्छ आला. मग काळजी नाही ना?

काळजी आहे. मेंदूला बसलेला हादरा सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती आणि मोबाईलचा कमीत कमी वापर, त्यानंतर हळूहळू हालचाल, आणि लक्षणे परतली नाहीत तरच पुढची पायरी, असा क्रम डॉक्टर देतात. डोकेदुखी, उजेडाचा त्रास, शब्द न आठवणे किंवा अकारण चिडचिड चालू असेपर्यंत घोड्यावर बसू नये, कारण त्या अवस्थेत दुसरा आघात जिवावर बेतू शकतो. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी किंवा गुंगी दिसल्यास त्याच क्षणी रुग्णालयात न्यावे. चिडचिड रुग्णाला स्वतःला कळत नाही, ती मित्रांना कळते. डॉक्टरांना ते सांगावे, त्यात चहाडी नाही. आपटलेले हेल्मेट बाहेरून चांगले दिसले तरी टाकून द्यावे, कोणाला शिकण्यासाठी देऊ नये.

तिच्या घोड्याचे काय करायचे?

घोड्याला काम लागते. त्याला पागेत उभा ठेवून दाणा मात्र तोच चालू ठेवला आणि मग एकदम फिरवला, तर त्याचे स्नायू आखडतात व तो गंभीर आजारी पडू शकतो. म्हणून काम थांबल्याच्या दिवसापासूनच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दाणा कमी करावा. कोणी, किती आणि कोणत्या दिवशी घोडा चालवायचा, नाल आणि लसीकरण कोणी पाहायचे, साईसचा, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्या माणसाचा, पगार कोणी द्यायचा, हे लिहून ठेवावे. घोडा क्लबचा असेल तर यातील बरेचसे क्लब पाहतो.

घोडा विकण्याचा, दुसऱ्याला देण्याचा किंवा ‘वाईट’ ठरवण्याचा अधिकार मित्रांना नाही आणि नातेवाइकांनाही नाही. अपघातानंतर रागाच्या भरात ‘तो घोडा आधी घालवा’ असे घरात बोलले जाते. आमच्या मैत्रिणीला शुद्धीवर आल्यावर पहिली चौकशी घोड्याच्या पायांची करायची होती. ज्या जनावराच्या ख्यालीखुशालीत तिचा दिवस सुरू व्हायचा, ते तिला न विचारता नाहीसे झाले असते तर तिच्या दुखण्यात आणखी एकाची भर पडली असती. घोड्याचे व्हिडिओ पाठवण्यापूर्वी मात्र विचारावे. काही दिवस ते हवेसे असतात, काही दिवस बघवत नाहीत.

तिने पुन्हा स्वारी करावी असे आम्ही सुचवावे का?

नाही. आणि करू नये असेही सुचवू नये. नातेवाईक म्हणतात ‘आता पुरे’, आणि तबेल्यातील मंडळी म्हणतात ‘जितक्या लवकर बसशील तितकी भीती जाईल’. हे दोन्ही सल्ले विरुद्ध दिसले तरी तिचा निर्णय तिच्याकडून काढून घेण्याच्या बाबतीत सारखेच आहेत. झोप उडणे, पडण्याचा क्षण पुन्हा पुन्हा समोर येणे, कशातच मन न रमणे हे आठवडेच्या आठवडे चालू राहिले तर मनोविकारतज्ज्ञांची वेळ घ्यावी. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सुरुवात कशी करावी?

जमिनीवरून करावी. खरारा करणे, घोडा हातात धरून चालवणे, खोगीर उचलणे या कामांतून पाठ किती तयार आहे ते समजते. एका पायावर स्थिर उभे राहता येत नसेल किंवा घोड्यावरून स्वतः उतरता येत नसेल, तर बसण्याची घाई करू नये. पहिल्या दिवशी वयस्क, शांत घोडा घ्यावा. तो तिचाच असला पाहिजे असे नाही. चढण्यासाठी उंच ठोकळा वापरावा, कारण जमिनीवरून रिकिबीत पाय घालून वर उसळताना कण्याला पीळ बसतो. एकाने घोडा धरावा, एकाने पलीकडची रिकीब दाबून धरावी, आणि प्रशिक्षकाने लांब दोरावर फक्त वॉक (संथ चाल) करून घ्यावा. ट्रॉटमध्ये (दुडक्या चालीत) प्रत्येक पावलाला खालून धक्का बसतो, म्हणून त्याला वेळ द्यावा. उडीचा विषय तिनेच काढेपर्यंत कोणी काढू नये. पहिल्या दिवशी प्रेक्षक नकोत, कॅमेराही नको.

व्यंग राहिले तर घोडेस्वारी संपली असे समजावे का?

तसे समजण्याचे कारण नाही, पण खात्री देणेही योग्य नाही. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ साली पोलिओ झाला आणि गुडघ्यांखाली पायांत शक्ती उरली नाही. घोड्यावर चढण्या-उतरण्यास मदत लागत असतानाही त्यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याकडून ठरावीक चाली अचूक करून घेण्याच्या स्पर्धेचे, रौप्यपदक मिळवले आणि १९५६ साली पुन्हा मिळवले. पॅरालिंपिकमध्ये पॅरा ड्रेसाज, म्हणजे दिव्यांग स्वारांचे ड्रेसाज, १९९६ पासून सातत्याने आहे. त्यात दिव्यांगत्वानुसार पाच श्रेणी असतात, पहिल्या श्रेणीत घोडा केवळ वॉकमध्ये चालवायचा असतो, आणि पायांऐवजी चाबकाने इशारा देणे किंवा हात अडकवण्यासाठी फास असलेला लगाम वापरणे अशा सवलती मिळतात. संवेदना नसलेल्या त्वचेवर खोगिराचा दाब पडून जखमा होऊ शकतात, त्यामुळे पुनर्वसनतज्ज्ञांना विचारल्याशिवाय प्रयोग करू नयेत.

विमा मिळतो का?

आरोग्य विम्यातील प्रमाणित अपवादात घोड्यांच्या शर्यतीचा उल्लेख साहसी खेळांत आहे, पण तो अपवाद व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्याला लागू होतो. हौशी स्वाराचा दावा केवळ ‘घोडेस्वारी’ या शब्दावर नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे, कंपनीच्या तक्रार विभागाकडे जावे आणि तेथेही समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे जावे. त्यांचे कार्यालय मुंबईत आहे. वैयक्तिक अपघात विम्याच्या अटी प्रत्येक कंपनीच्या निराळ्या असतात. त्या पडण्याआधी वाचाव्यात.

साईस जखमी झाला तर हेच सर्व लागू होते का?

होते, आणि त्याच्याकडे ही सोय करणारी मित्रमंडळी बहुधा नसतात. लाथ बसणे, चावणे, पायावर खूर पडणे या दुखापती स्वारांपेक्षा साईसांना अधिक होतात, आणि कुटुंब गावी असल्याने रुग्णालयात सही करायलाही कोणी नसते. कामावर झालेल्या अपघाताची भरपाई मिळणे हा कायदेशीर हक्क आहे, कोणाची कृपा नाही. ती मालकाकडे लेखी मागण्यासाठी त्याला मदत करावी. त्याच्या घरचा फोन क्रमांक आणि रक्तगट तबेल्यात लिहून ठेवावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी दोन लाखांचे आणि अंशतः कायम अपंगत्वासाठी एक लाखाचे संरक्षण मिळते. त्यासाठी वय १८ ते ७० च्या दरम्यान असावे आणि बँकेत खाते असावे. हप्ता वर्षातून एकदा खात्यातून आपोआप कापला जातो आणि संरक्षण १ जून ते ३१ मे असे असते, म्हणून मे महिन्यात प्रत्येक साईसच्या खात्यात तेवढे पैसे आहेत की नाहीत ते विचारून घ्यावे.